पहिली पात

कोसमटोल्याच्या बायका भाताची रोवणी करतात ती गुत्त्याने. अख्खी बांधी, म्हणजे बांध घातलेलं भाताचं खाचर, अंगावर घ्यायची. लवकर उरकली तर दुसरी धरायची, रेंगाळली तर आपलंच नुकसान. चिखलात सगळ्या एका ओळीत वाकतात आणि परे, म्हणजे भाताची रोपं, रोवत रोवत मागे सरकतात. ओळीच्या उजव्या टोकाला जी असते तिची पहिली पात. ती सरकली की ओळ सरकते, ती थांबली की ओळ थांबते. तिच्या पुढे कोणी जायचं नाही, ही इथली रीत. गाणंही तीच उचलते. सरपंचाला कोणी भर रस्त्यात चार गोष्टी सुनावेल, पण रोवणी चालू असताना पहिल्या पातीच्या बाईला कोणी बोलत नाही.

धुरपता मडावीकडे ही पात सासूकडून आली होती. सासू तोंडाची फटकळ. सुनेचं कौतुक तिने जन्मात केलं नाही, पण गुडघे गेले तेव्हा भर ओळीत सुनेचं मनगट धरलं आणि तिला टोकाला नेऊन उभं केलं. धुरपताला आयुष्यात मिळालेला मान म्हणाल तर तेवढाच, आणि तो तिने जिवापाड जपला. आलापल्लीच्या रस्त्यावरून आत शिरल्यावर लागणाऱ्या पाच-सात गावांत तिच्या टोळीला आधी बोलावणं यायचं, मग इतरांना.

मग हा मान तिच्या पोटाने खायला सुरुवात केली. पोटाने खाल्ला, हे अर्थात फार उशिरा कळलं.

थकवा काही एकदम आला नाही. आधी दुपारच्या जेवणानंतर डोळे मिटायला लागले, मग जेवणाआधीच. सकाळी उठताना अंग असं जड, की कोणी रात्रभर हिच्याकडून लाकडं वाहून घेतली असावीत. हापशीवरून भरलेला हंडा आणताना वाटेत एकदा खाली ठेवावा लागायचा, पुढे दोनदा. खाणं कमी होतं म्हणावं तर तसंही नाही. सकाळी आंबील, दुपारी ताटभर भात, संध्याकाळी पुन्हा भात आणि जंगलातली भाजी. पोट भरायचं, फुगायचं, गुडगुडायचं, पण खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. आणि एक विचित्र खोड जडली होती. घराच्या भिंतीची माती खरवडून ती तोंडात टाकायची. पावसाने भिंत ओली झाली की त्या वासानेच तिच्या तोंडाला पाणी सुटायचं.

नवऱ्याच्या, लालसूच्या, हे लक्षात आलं तेव्हा तो म्हणाला, बायको असं घर खात राहिली तर पुढच्या पावसाळ्यात झोपायचं कुठे. लालसू मनाचा वाईट नव्हता, पण विनोद सुचला की त्याला तो गिळता येत नसे. बसून राहिलेल्या बायकोला तो ‘खायला काळ अन् भुईला भार’ म्हणायचा आणि वर स्वतःच हसायचा. त्या हसण्याचा धुरपताला संताप यायचा. उठून भांडावं असं वाटायचं, पण उठायलाच त्राण नसायचं. भांडायलाही अंगात बळ लागतं.

गावाला मात्र कारण माहीत होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी शाळेत तपासणी झाली होती, बोट टोचून रक्त घेतलं होतं, आणि धुरपताला अर्धा सिकल निघाला होता. सिकल हा रक्ताचा आजार या जंगलात घरोघरी माहीत आहे. ज्याला पुरा असतो ते पोर सांधे धरून लोळतं, त्याला रक्त चढवावं लागतं. ज्याला अर्धा, त्याला स्वतःला सहसा काही होत नाही. लग्न जुळवताना समोरचाही अर्धा नाही ना, एवढं पाहायचं. तपासणीवाल्यांनी हे सगळं सांगितलं होतं. पण गावाने ‘सिकल’ तेवढा ऐकला, आणि पुढचं ऐकायच्या आत लोक पांगले. तेव्हापासून धुरपताचं डोकं दुखलं, सिकल. पाय सुजले, सिकल. उद्या माझी कोंबडी अंडी द्यायची थांबली तरी सिकलच म्हणाल, असं ती चिडून म्हणायची. पण मनातून तीही तेच धरून बसली होती.

दवाखान्यातही दुसरं काही ऐकायला मिळालं नाही. कुठेही गेलं तरी पहिला प्रश्न, सिकल आहे का? ही हो म्हणायची. समोरचा मान डोलवायचा आणि लाल गोळ्या हातावर ठेवायचा. पळसाला पानं तीनच. गोळ्यांनी मळमळायचं, पोट बांधलं जायचं. शेवटी तिने त्या भोपळ्याच्या वेलाच्या बुडाशी पुरल्या. वेल त्या वर्षी जोरात आला.

हा अर्धा सिकल आईकडून आला होता. आई वारली तेव्हा धुरपता पोटभर रडली, पण रडताना मनात एक गाठ होतीच, की हिने मला दुसरं काही दिलं नाही, हे नासकं रक्त तेवढं दिलं.

मागच्या वर्षीच्या रोवणीत व्हायचं ते झालं. देवाजीभाऊंची मोठी बांधी होती. देवाजीभाऊ गावातले जाणते शेतकरी, स्वभावाने मऊ, पण रीतभातीला कडक. ओळ निम्म्यावर आली होती, आभाळ भरून आलं होतं, धुरपताने गाणं उचललेलं होतं. गाण्याची ओळ पुरी व्हायच्या आत ती चिखलात बसली. पडली असती तर बायका धावल्या असत्या. ती नुसती बसली, म्हणून सगळ्या वाकल्या जागी तिच्याकडे बघत राहिल्या. पहिली पात थांबली म्हणून ओळ थांबली होती, आणि बोलायची सोय नव्हती.

तिच्या लगतच्या पातीला खुशबू होती, शेजारच्या घरातली नवी सून. हाताला चपळ आणि अंगाने वेताच्या काठीसारखी. तिने जवळ येऊन धुरपताच्या हातातली जुडी काढून घेतली.

“बाई, तू धुऱ्यावर बस, परे वाट,” ती म्हणाली. “पात राहू दे माह्याकडं.”

परे वाटणं म्हणजे धुऱ्यावरून, बांधीच्या बांधावरून, जुड्या फेकत राहणं. ते काम म्हाताऱ्यांचं, नाहीतर दिवस गेलेल्या बाईचं. खुशबूने ते टोचून म्हटलं नव्हतं, मायेनेच म्हटलं होतं, आणि धुरपताला तेच लागलं. शिवी दिली असती तर परत देता आली असती. मायेला काय उत्तर द्यायचं? ती धुऱ्यावर बसली आणि दिवसभर जुड्या फेकत राहिली, आणि चिखलात पडणाऱ्या प्रत्येक जुडीबरोबर तिचा राग वाढत गेला. खुशबूवर, लालसूवर, मेलेल्या आईवर आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या या मेल्या अंगावर.

गावच्या उपकेंद्रात तेव्हा नवी सिस्टर आली होती. माधवी तिचं नाव, चंद्रपूरची. धुरपता तिच्याकडे गेली ती सलाईन लावून घ्यायला. बाटली चढली की दोन-चार दिवस अंगात जोर येतो अशी तिची खात्री होती, आणि तेवढ्यात देवाजीभाऊंची बांधी निघाली असती. सिस्टरने सलाईन लावली नाही. तिने धुरपताच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, जीभ पाहिली, नखं पाहिली. धुरपताने सवयीने सिकलचं सांगितलं, तर तिने पुरा की अर्धा ते विचारलं आणि अर्धा म्हटल्यावर हातानेच तो बाजूला सारला. मग तिने सरळ विचारलं, माती खाता का? धुरपता चाटच पडली. लालसूने गावभर केलं की काय, असं तिला वाटलं.

सलाईनच्या जागी सिस्टरने हातावर एक रिकामी डबी ठेवली आणि उद्या सकाळी तिच्यात काय आणायचं ते सांगितलं. धुरपता घरापर्यंत पुटपुटत आली. बळ मागायला गेलं तर ही मागते काय. पण दुसऱ्या दिवशी पहाटे तिने डबी भरून वळचणीला ठेवली, आणि लालसूने ती तंबाखूची समजून उघडली. त्या घरात कितीतरी दिवसांनी धुरपता डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

डबी तालुक्याला जाऊन आली. सिस्टरने तिला समोर बसवलं.

“सिकलनं काहीच नाई केलं, बाई. तुमच्या आतड्याले जंत चिकटले हायेत, बारीक, दोऱ्याच्या तुकड्याएवढे. तुम्ही जेवता, रक्त करता, अन् ते बसल्या जागी पिऊन राह्यले. मग अंगात जोर कुठून येईन?”

हे आले कुठून, तर मातीतून. जिथे माणसं उघड्यावर बसतात तिथल्या ओल्या, सावलीतल्या मातीत ते वाढतात आणि अनवाणी तळव्यातून अंगात शिरतात. धुरपताला बांधीच्या धुऱ्यापलीकडचं बांबूचं बेट आठवलं. रोवणीतल्या सगळ्या बायका दिवसातून दोनदा तिथेच जातात. तिच्या सासूपासून तेच बेट आणि तेच अनवाणी पाय. कारण रोवणीच्या दिवसांत रोवणारीने पायताण घरीच ठेवायचं, धुऱ्याजवळही आणायचं नाही. धुऱ्याच्या कोपऱ्यात गावदेवाचा दगड आहे.

बरं वाटायला हवं होतं, पण तिला आला तो संताप. इतकी वर्षं! इतकी वर्षं सगळ्यांनी मान डोलवली, आणि एकानेही पोट पाहिलं नाही. आजाराला एक नाव सापडलं आणि सगळ्यांचं काम संपलं. ती उपकेंद्राच्या पायरीवर येऊन बसली आणि आईची आठवण काढून रडली. बिचारीला उगाच बोल लावला होता.

जंताच्या गोळ्या घेतल्या. लाल गोळ्या पुन्हा आल्या, पण या वेळी जेवणानंतर घ्यायच्या असं सिस्टरने नीट सांगितलं, आणि भोपळ्याला त्यातली एकही मिळाली नाही. दिवाळीपर्यंत हंडा न टेकवता घरी यायला लागला. भिंतीच्या मातीचा वास नुसता मातीसारखा वाटायला लागला. मोहफुलं वेचायच्या दिवसांत ती पहाटे सगळ्यांच्या आधी जंगलात पोचली आणि टोपली भरून परत येताना वाटेत लालसूशी कडाडून भांडली. विषय घरामागच्या संडासाचा होता. सरकारी योजनेतून बांधलेला तो संडास लालसूने मोहफुलं साठवायला घेतला होता आणि वर कोंबड्या बसवल्या होत्या. चांगलं पक्कं छप्पर, फुलं सुकी राहतात, ते सोडून तिथे काय घाण करायची, असा त्याचा सवाल होता. धुरपताने एका दुपारी फुलं काढून त्याच्या अंथरुणावर ओतली आणि कोंबड्या हाकलल्या. लालसू दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी निमूट बादली घेऊन मागे गेला.

घर वळलं, गाव वळेना. धुरपताने टोळीतल्या एकेकीला गाठून सांगून पाहिलं की सिस्टरकडे जा, डबी दे, बेटात जाताना पायात काहीतरी घाल. पालथ्या घड्यावर पाणी. कोणी म्हणाली, आम्हाला काय झालंय? कोणी डबीचं नाव काढताच तोंडाला पदर लावून हसत सुटली. सिस्टर स्वतः घरोघर फिरली, तिला चहा मिळाला.

या वर्षी रोवणी लागली तेव्हा धुरपता टोकाला जाऊन उभी राहिली. खुशबू आपणहून एक पात सरकली. पहिल्या दिवशी धुरपताने ओळ अशी पळवली की दुपारी बायका कंबर धरून बसल्या आणि तिच्या नावाने बोटं मोडली. तिला ते गोड लागलं. अंग आपलं ऐकतंय, यासारखं सुख नाही.

पण ती चपला घेऊन आली होती. चिखलात उतरताना काढून ठेवायची, धुऱ्यावर चढली की आधी पायात घालायची. रबराच्या साध्या चपला. देवाजीभाऊंच्या बांधीवर आली तेव्हा त्यांनी ते पाहिलं. रागावले नाहीत, जवळ येऊन हळू आवाजात बोलले. देवाचा दगड आहे, पोरी, वाडवडिलांनी पाळलं ते आपण पाळावं. उद्या पिकाला काही झालं तर तुझं नाव घेतील. धुरपताने सिस्टरचं सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग तेच पुन्हा म्हणाले. चपला घालायच्याच असतील तर धुऱ्याच्या बाहेर, परे उपटतात तिथे बस, तिथून वाट. नाहीतर चपला घरी ठेव आणि पात धर.

तिने बायकांकडे पाहिलं. एकजण जरी म्हणाली असती, राहू द्या भाऊ, तर पुरे होतं. बायका आपापल्या जुड्या सोडण्यात गुंतल्या. त्यांना बांधी हवी होती, आणि त्यात त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नव्हतं. गेल्या साली अंगात जोर नव्हता म्हणून पात गेली. आता जोर होता आणि तो टिकवायचा म्हटलं तर पात जात होती. असा न्याय कुठल्या देवाने केला, हे तिला त्या दगडालाच विचारावंसं वाटलं.

ती चपला घालून बाहेर जाऊन बसली. धडधाकट बाई, दिवसभर म्हाताऱ्यांसारख्या जुड्या फेकत. फेकायची अशा जोराने की चिखल उडून बायकांच्या तोंडावर यायचा.

पहिल्या पातीला खुशबू होती. धुरपता मुद्दाम तिकडे बघत नव्हती, पण रोवणीची लय कानाने कळते. दुपार कलता कलता गाणं मध्येच तुटायला लागलं. एक कडवं, मग गप्प, मग कसंबसं दुसरं. ओळ अडखळत होती. धुरपताने मान वर केली. खुशबू सरळ उभी होती, एक हात कमरेवर, तोंड उघडं. दुसऱ्या हाताने तिने लुगड्याच्या ओच्यातून काहीतरी काढलं आणि गालात ठेवलं. भिंतीच्या पांढऱ्या मातीचा खडा होता तो. धुरपताने तो इतक्या लांबून ओळखला. तिच्या जिभेला अजून त्याची चव आठवत होती.

ती धुऱ्याच्या कडेपर्यंत आली.

“कधीपासून माती खाऊन राह्यली तू?”

खुशबू ओशाळून हसली. खडा गालात तसाच होता.

“मले अर्धा सिकल हाये ना, बाई,” ती म्हणाली. “थकवा तर येनारच. तुलेई तर होता.”

ओरडून काही फायदा नव्हता, ओरडून झालं होतं. हसून, समजावून, भांडून, सगळं करून झालं होतं. तिने चपला काढल्या आणि हातात घेतल्या. धुऱ्यावरून अनवाणी चालत गेली, त्या दगडाच्या बाजूनेच गेली, आणि चिखलात उतरली. बायका वाकलेल्याच राहिल्या. टोकाला पोचल्यावर तिने एका हाताने खुशबूच्या हातातली जुडी घेतली आणि दुसऱ्या हाताने चपला तिला दिल्या.

“या घाल,” ती म्हणाली. “धुरा ओलांडला का पायात घाल, अन् सरळ सिस्टरकडं जाय. डबी मांगून आन. पात माह्याकडं दे.”

खुशबूने एकदा देवाजीभाऊंकडे पाहिलं, एकदा धुरपताकडे. धुरपताचा चेहरा असा होता की ती वळलीच. चपला छातीशी धरून ती धुऱ्यावरून गेली आणि पलीकडे उतरल्यावर, बेटाच्या वाटेवर, खाली वाकून तिने त्या पायात घातल्या. तिला मोठ्या होत होत्या.

पहिली पात भरली, म्हणून ओळ थांबली नाही. पण चपला गेल्या होत्या. खुशबूमागे बाकीच्याही निघणार, पावसाळाभर त्या कोणाकोणाच्या पायात फिरणार आणि पात धरून आपल्याला पुन्हा अनवाणी बेटात जावं लागणार, हे धुरपताला दिसत होतं. मग पुन्हा गोळ्या, पुन्हा हंडा वाटेत टेकवणं, पुन्हा लालसूचे विनोद. तिच्या पायाच्या बोटांमधून गार चिखल वर आला. तिने चिडून पहिलं रोप रोवलं आणि गाणं उचललं.